रिमोट डेडस्टॉकला आहे

काल आमच्या कॉलेजच्या स्मार्ट क्लासरूममधल्या प्रोजेक्टरचा रिमोट मिळावा म्हणून मी लेखी अर्ज केला. ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत. एवढ्या नम्रतेनं मी बँकेतही कर्ज मागितलेलं नाही.

“असा देता येत नाही सर,” भांडारातले काका म्हणाले. “डेडस्टॉकला लागलाय, म्हणजे कायमच्या वस्तूंच्या रजिस्टरात.”

“अहो काका, प्रोजेक्टर छताला टांगलाय. शिडी लावून चालू करू का?”

“शिडीपण डेडस्टॉकलाच आहे.”

अर्जावर विभागप्रमुखांची सही आणली. काकांनी कुलूप उघडलं, रजिस्टरात नोंद केली, रिमोट दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. आत सेल नव्हते.

“सेल कंझ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारे. त्याचं रजिस्टर वेगळं. आणि सेल संपलेत.”

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. उठले, साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि एसीच्या रिमोटमधले सेल काढून घेऊन आले. “साहेब मीटिंगला गेलेत. यायच्या आत परत करा. आणि मी दिलेत म्हणू नका.”

वर्गात भिंतीवर प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायचं व्हीजीएचं सॉकेट. हे १९८७ सालचं तंत्रज्ञान. माझ्या लॅपटॉपला त्याचं भोकच नाही. कनेक्टर एका विद्यार्थिनीच्या दप्तरात निघाला. पोरं आपल्यापेक्षा तयारीनं येतात. मग इन्सॅट उपग्रहाचं चित्र लावलं, मोसमी ढग दाखवायला. खिडक्या पश्चिमेला, वेळ दुपारी साडेतीनची, पडदे नाहीत, कारण पडदे फर्निचरच्या खर्चाच्या हेडखाली येतात आणि तो हेड पुढच्या वर्षी. ढगही पांढरे, प्रोजेक्टरचा पडदाही पांढरा. अरबी समुद्र कुठाय ते मी बोटानं सांगितलं. खडूनं काढला असता, पण फळ्याच्या बरोबर मधोमध तोच पडदा ठोकलाय.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात या सुविधा मोजल्या जातात, म्हणून त्या बसवल्या गेल्या. निविदा निघाली, फीत कापली, फोटो झाले. एका मास्तराला भर दुपारी त्या वर्गात उभं करून “बाबा, तुला काय लागतं?” असं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं असतं: पडदे द्या, टेबलाजवळ प्लग द्या, फळ्यापुढच्या दिव्यांना वेगळं बटण द्या. यात लाखाचं काय आहे? पण पडद्यांच्या उद्घाटनाला कोण येणार!

तेवढ्यात शिपाई दारात. “सर, सेल द्या. साहेब आलेत, घामाघूम झालेत.”

दिले. आता प्रोजेक्टर बंद कसा करायचा? मागच्या बाकावरच्या पोरानं मेन स्विच पाडला. त्याबरोबर दिवे गेले, पंखे गेले आणि शेजारच्या वर्गातून प्राध्यापक बाई ओरडल्या.