बाहेरच्या बाकावरचा बाप

बायकोला 37 वा आठवडा लागला आणि मला बढती मिळाली. ड्रायव्हर होतोच, आता फाईलवालाही झालो. दर आठवड्याला तपासणी असते. बीपी, वजन, लघवी, बाळाचे ठोके. ती आत जाते आणि मी बाहेरच्या बाकावर पंख्याखालची जागा धरून बसतो.

मागच्या शुक्रवारी एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी होती. पोटावर दोन पट्टे बांधतात, एकावर बाळाचे ठोके उमटतात, दुसऱ्यावर पोट कडक होतंय का ते कळतं. हातात बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. हे सगळं तिनं नंतर सांगितलं. मला दाराबाहेर फक्त घोडा दौडल्यासारखा आवाज येत होता. 20 मिनिटांचं काम, अर्धा तास झाला तरी चालूच. मग सिस्टर बाहेर आल्या, "काही गोड आहे का हो?" म्हणाल्या, माझ्याकडचा बिस्किटांचा पुडा घेतला आणि दार लावून घेतलं. पुढची दहा मिनिटं माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

बाळ झोपलं होतं, बस्स! झोपेत ठोक्यांचा चढउतार कमी दिसतो. म्हणून आईला काहीतरी खायला देतात, कूस बदलायला लावतात आणि ठोक्यांची नोंद 40 मिनिटांपर्यंत चालवतात. एवढं एक वाक्य दार लावण्याआधी सांगता आलं असतं की नाही?

सोनोग्राफीचं तर विचारूच नका. रिपोर्टमध्ये गळ्याभोवती नाळेचा एक वेढा असल्याचं लिहिलेलं. आत काय सांगितलं, तर पोटावरचं जेल पुसता पुसता हिला 'वेढा' एवढाच शब्द ऐकू आला. मी शहाण्यानं रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मावशीचा निकाल, "मग सिझरच." सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. दोन दिवस घरात कुणाला धड झोप नाही. पुढच्या व्हिजिटला डॉक्टर सहज म्हणाल्या की असा वेढा चार-पाच बाळांमागे एकाला तरी असतो, आणि तेवढ्यासाठी कुणी सिझर करत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या खोलीत बापाला एक स्टूल द्या. टेबलावर आडवं पडलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात निम्मंच शिरतं. ऐकायला आणखी दोन कान असलेले बरे.

सरकारी दवाखान्यात एका पडद्याआड दोन-तीन बायका तपासत असतात, तिथे पुरुष नको हे मला शंभर टक्के मान्य. पण जिथे एका वेळी एकच पेशंट आत असते, तिथे काय अडचण आहे? सोनोग्राफीला मला "कायदा आहे" म्हणून बाहेर बसवलं. 1994 च्या त्या कायद्यानं बाळाचं लिंग सांगायला बंदी आहे, आणि ती हवीच. नवऱ्यानं खोलीत बसू नये असं त्यात कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटना तर निदान 2018 पासून प्रत्यक्ष बाळंतपणातही बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं म्हणतेय. आपण अजून तपासणीच्या दारातच अडकलोय.

आणि पुरुषहो, आपल्यालाही तो बाक सोयीचाच असतो, मोबाईल बघता येतो! पहिलं बाळंतपण माहेरी म्हटलं की तेवढंही करावं लागत नाही. बाळाचं डोकं खाली आहे का, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं आहे का, रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, हे आपल्यालाही माहीत हवं. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. हे शेवटचं मला बाकावर शेजारी बसलेल्या एका आजींनी सांगितलं. तिसरं नातवंड होतं त्यांचं.

उद्या 10 ची वेळ आहे. प्रश्न कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवलेत. बिस्किटांचे या वेळी दोन पुडे घेतलेत, एक तिला आणि एक मला. स्टुलाचं मी स्वतःच विचारणार आहे.