'तिकडे चालतं' म्हणणाऱ्यांसाठी

घरच्या ग्रुपवर ब्रिटिश चित्रकार जेनी सॅविलच्या 'रिव्हर्स' या चित्राचा फोटो टाकला आणि वाद पेटला. २०२५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तिचं मोठं प्रदर्शन झालं, त्यातलं हे चित्र, तिचा स्वतःचाच चेहरा, आडवा, ओठ उघडे, खाली आरशासारखं प्रतिबिंब आणि साइज सात बाय आठ फूट! मावशीने विचारलं, "हिला कोणी मारलंय का गं?" दादा म्हणाला, तुमच्या तिकडे लंडनला काहीही चालतं, इकडे भारतात लावून दाखवा.

दादाचं अर्धं खरंय. १९५४ ला मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतली चित्रं उतरवा असं पोलिसांनी चित्रकार अकबर पदमसींना सांगितलं, ते उतरवेनात, केस झाली आणि ते सुटले. पुढे मुंबईच्या कस्टम्सने परत पदमसींच्याच आणि चित्रकार सूझांच्या मिळून सात कलाकृती अश्लील म्हणून अडकवल्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं. बरं झालं, पण सत्तर वर्षं आपण चित्रातल्या बाईच्या अंगावर कपडे आहेत का एवढंच मोजतोय. 'रिव्हर्स'मध्ये नुसता चेहरा, म्हणून आपले नेहमीचे दोन्ही पक्ष, अश्लील म्हणणारे आणि कला म्हणणारे, गप्प! त्यापेक्षा मावशी बरी, तिने निदान चेहरा बघितला. जवळ गेलं की ओठ असे दिसतच नाहीत, लाल-गुलाबी रंगाचे रुंद फटकारे आणि मध्येच ओला वाटणारा पांढरा, चार पावलं मागे आलं की तोंड तयार होतं. (इथे लंडनमधलेही बरेच जण आधी लेबल वाचतात, मग चित्राकडे मान वळवतात.)

आणि इकडे ब्रिटनमध्ये काहीही चालतं म्हणे. २००९ ला मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स बँडच्या अल्बमवर सॅविलनेच रंगवलेला एक लालसर चेहरा होता, तर ब्रिटनमधल्या मोठ्या सुपरमार्केटनी तो कोऱ्या पाकिटात घालून विकला. तिचंच 'प्रॉप्ड', म्हणजे स्टुलावर बसून स्वतःच्या मांड्यांत बोटं रुतवलेली नग्न बाई, २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात ९५ लाख पौंडांना गेलं, तेव्हा कुणी काही झाकलं नाही. दुकानात पोराबाळांसमोर नको आणि लिलावात चालेल, हे मला समजू शकतं, पण याला कलेची समज म्हणणं जरा जास्तच होतंय, आणि आपल्याकडचे लोक तसं म्हणतात याचा मला जास्त वैताग येतो.