खुलासा: डोळ्यावरच्या गाठीची बायोप्सी केल्याने कॅन्सर मेंदूत जात नाही

‘कॅन्सरच्या पेशंटच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गाठ आली तर बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं) करू देऊ नका, कॅन्सर थेट मेंदूत जातो. गुलाबपाणी घाला,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

कॅन्सर डोळ्यात पसरतो तेव्हा बहुतेकदा आतल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कोरॉइड थरात जातो. वरच्या पातळ आवरणावर, म्हणजे कंजंक्टायव्हावर, तो क्वचितच येतो. आलाच तर मूळ बहुधा स्तनात, फुप्फुसात किंवा मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात असतं. दिसतो गुलाबी-पिवळसर, मांसल फुगवटा. नुसती सूज समजून थेंब घालण्यात वेळ जातो, खरा धोका तोच.

या पेशी रक्तातून आधीच तिथे पोचलेल्या असतात, त्यामुळे तुकडा काढल्याने कॅन्सर मेंदूत जाण्याचं कारण नाही. उलट त्याच तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरची विशिष्ट प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी) केली की मूळ अवयवाचा माग लागतो. कधीकधी तर आजाराचा पहिला पत्ताच डोळ्यावर सापडतो. लहान मुलांच्या रेटिनोब्लास्टोमात, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमध्ये, मात्र पेशी डोळ्याबाहेर पसरू नयेत म्हणून सुई घालणं टाळतात, हे खरं; भीती कदाचित तिथूनच आली असावी. पण तो आजार डोळ्याच्या आतला, वेगळाच.

पुढे कॅन्सर शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणारं पेट-सीटी स्कॅन, मग मूळ कॅन्सरप्रमाणे केमो, हार्मोन थेरपी किंवा इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती वापरून केलेले उपचार). डोळ्याला त्रास असेल तर रेडिएशन. गुलाबपाण्याने यातलं काहीच होत नाही.

आणि पांढऱ्यावरची प्रत्येक वाढ कॅन्सर नसते, बरीचशी साधं टेरिजियम, म्हणजे कॅन्सर नसलेला मांसल पडदा, निघते. मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा, आणि कॅन्सरचा इतिहास असेल तर तो नेत्रतज्ज्ञांना आधी सांगायला सांगा.