पान 36

वाचनालयातून 600 पानी कादंबरी आणली त्याला आज 13 दिवस झाले. मी पान 36 वर आहे. पहिल्या दिवशीही 36 वरच होतो. म्हणजे आधीची 35 एका बैठकीत संपवली, एवढं कौतुक माझं मीच करून घेतो.

घात केला ‘वैल’ या शब्दाने. नायिकेने दूध वैलावर ठेवलं. अर्थ बघायला मोबाईल उचलला. वैलावरून चुलीवर, चुलीवरून कडक भाकरीवर आणि तिथून विहिरीत पोहणाऱ्या बोकडावर कसा पोचलो, देव सिद्धरामेश्वर जाणे. वैल म्हणजे चुलीच्या बाजूची मंद धगीची जागा, तिथं दूध सहसा उतू जात नाही, हे कळलं तेव्हा आमच्या गॅसवरचं दूध ओट्यावरून फरशीवर उतरलं होतं.

“अहो, दुधाकडे बघा म्हटलं होतं ना!”

मी बघतच होतो, फक्त बोकडाकडे. यात खरा दोष वेब-डिझायनर आझा रास्किन यांचा. 2006 साली त्यांनी तळच नसलेलं, सरकवत राहावं असं पान काढलं. पुढे त्यांना पश्चात्तापही झाला म्हणे, पण आमच्या फरशीला त्याचा काय उपयोग?

सोलापूरच्या पूर्वभागात माझ्या मित्राचा चादरीचा कारखाना आहे. त्याला म्हटलं, “मूळ तुमच्याकडेच आहे. 1804 साली जॅकार्डने भोकांच्या पुठ्ठ्यांच्या मदतीने नक्षी विणणारा माग काढला, बॅबेजने तीच युक्ती आपल्या गणनयंत्रासाठी उचलली, आणि आज माझं डोकं हे असं!”

खडखडाटात तो ओरडला, “आमचा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतोय. तुझं काय बे?”

माझा माग धागा तुटून वर्षं झाली तरी चालूच आहे. कापड कुठाय, विचारू नका.

घरी येऊन मोबाईल ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं. बाहेर 42 अंश. पुस्तक उघडलं. पहिली ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा अंगठा कागदावरून खालून वर सरकवला. पान हललं नाही. नेटवर्क गेलं वाटतं, असं क्षणभर खरंच मनात आलं.

तेवढ्यात डबा वाजला. कोपरापर्यंत पिठात हात घालून फोन काढला, सदऱ्याला पुसला. मेसेज वाचनालयाचा होता: पुस्तकाची मुदत परवा संपते, विलंब झाल्यास दंड.

तेवढा मात्र शेवटपर्यंत वाचला.