चौथा खड्डा

आमच्या सांगलीतल्या गल्लीत एका लिकेजसाठी आठ दिवसांत चार खड्डे घेतले. पहिल्या तिन्हीत नुसता चिखल. चौथ्यात बीडाचा जुना पाईप लागला आणि जोडाखालून उसळणारी बोटाएवढी धार. पाणी वर दिसत होतं, तिथून ही जागा चांगली वीस पावलं मागं! जुन्या चराच्या भरावातून वाट काढत पाणी भलतीकडेच वर येत होतं. अंदाजानं खणायला लावल्यावर त्या खणणाऱ्या पोरांनी तरी काय करायचं?

फुटक्या जागेतून दाबानं पाणी सुटलं की आवाज होतो आणि तो पाईपमधून दोन्ही बाजूंना जातो. दोन व्हॉल्व्हवर एकेक सेन्सर लावला की आवाज कुठं आधी पोचला आणि किती आधी, ते कळतं. समजा व्हॉल्व्हमध्ये १०० मीटर अंतर आहे, बीडाच्या पाईपमध्ये आवाज सेकंदाला साधारण १२०० मीटर जातो आणि फरक आला सेकंदाचा चाळिसावा भाग. म्हणजे एका बाजूला आवाजाला ३० मीटर जास्त जावं लागलं. १०० मधून ते ३० वजा, उरलेल्या ७० चे निम्मे. मग लिकेज जवळच्या व्हॉल्व्हपासून ३५ मीटरवर. एकच खड्डा. प्लॅस्टिकच्या पाईपमध्ये आवाज लवकर विरतो, तिथं सेन्सर जवळजवळ लावावे लागतात. आणि जमिनीखाली कोणता पाईप आहे याचीच नोंद नसेल, तर हिशेब चुकतो.

आमच्याकडं पाणी सोडायला येणारे काका पूर्वी व्हॉल्व्हवर लोखंडी गज टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे. मला म्हणाले, "रात्री ऐकायचं, सगळे नळ बंद असताना." खरी मेख इथंच आहे. पाणी येतं तासभर, तेव्हा घरोघरी नळ सुरू, त्या गलक्यात काय ऐकू येणार? नंतर लाईन रिकामी, आवाजच नाही. उलट त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. गॅस्ट्रो, कावीळ घरात येते ती अशी.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, ५ लाख लिटर. केवढं कौतुक होतं आपल्याला! सेकंदाला एक लिटर गळणारा जोड तेवढं पाणी सहा दिवसांच्या आत मातीत घालवतो.

काल गल्लीच्या टोकाला पुन्हा ओल दिसली. पाचवा खड्डा घ्यायच्या आधी सेन्सर मागवा, एक रात्र लाईन भरलेली ठेवा, असा अर्ज आज देतोय. त्या रात्री सगळे नळ बंद ठेवायला गल्लीतली चाळीस घरं तयार आहेत, मी स्वतः दारोदार विचारून आलोय.