सिम्प्ली रेडचा ‘होम’ उसनवारीवर उभा नाही

सिम्प्ली रेड या ब्रिटिश सोल-पॉप बँडचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळतं. १९९१ च्या ‘स्टार्स’ अल्बमपर्यंत बँड भारी होता, पुढे नुसता उतार. आणि उताराचा पुरावा काय, तर २००३ चा ‘होम’. या मताचे तुकडेही ठरलेले आहेत: १९९१ नंतर बँडकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा आधार गेल्यामुळे अल्बम घरचाच काढावा लागला, त्यातली जी गाणी चालली ती दुसऱ्यांची, अमेरिकेनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि जो काही खप झाला तो जुन्या चाहत्यांच्या सवयीमुळे. इतक्या आत्मविश्वासानं हे सांगितलं जातं की ‘होम’ कधी न ऐकलेली माणसंही मान डोलावतात. मला हा अल्बम मनापासून आवडतो, त्यामुळे हे मत खटकतं. पण आवड बाजूला ठेवली तरी यातला जवळजवळ एकही तुकडा टिकत नाही.

‘स्टार्स’पासूनच सुरुवात करू. तो अल्बम थोर आहे, याबद्दल वाद नाही. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं तो ब्रिटनमधला सर्वाधिक खपाचा अल्बम होता. एकही कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं पुन्हा गायलेलं गाणं नाही आणि बँडचा गायक-गीतकार मिक हकनल तेव्हा ऐन भरात. मात्र त्यातलं एकही गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं नाही. शीर्षकगीत आठव्यापर्यंत पोचलं, तेवढंच. बँडचं तिथलं एकुलतं एक क्रमांक एकचं गाणं म्हणजे ‘फेअरग्राउंड’, आणि ते आलं १९९५ मध्ये, बँड ‘संपल्यावर’ चार वर्षांनी. ज्या ‘लाइफ’ अल्बममध्ये ते होतं तोही पहिल्या क्रमांकावर गेला आणि १९९८ चा ‘ब्लू’सुद्धा. ‘स्टार्स’ हे शिखर होतं असं म्हणा, मी विरोध करणार नाही. शिखरानंतर थेट दरी होती, हे मात्र खरं नाही.

आता ‘कंपनीचा आधार गेला म्हणून’. पहिल्या अल्बमपासूनचा मोठ्या कंपनीबरोबरचा प्रवास २००० च्या सुमारास थांबला. त्यानंतर दुसऱ्या बड्या कंपनीच्या दारात जाण्याऐवजी हकनल आणि त्याच्या व्यवस्थापकांनी स्वतःचं लेबल काढलं, नाव सिम्प्लीरेड डॉट कॉम. हा निर्णय समजून घ्यायचा तर रेकॉर्डिंग करारांची जुनी रीत ठाऊक हवी. स्टुडिओचा खर्च कंपनी आधी उचलते, मग कलाकाराच्या रॉयल्टीतून तो वसूल करते. पूर्ण वसूल झाल्यावरही मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कंपनीच्याच मालकीचं राहतं. म्हणजे पैसा अखेर गाणाऱ्याच्या वाट्यातून गेलेला असतो, आणि मालक मात्र दुसराच. हकनल याबद्दल जाहीरपणे चिडून बोलत असे. कोट्यवधी रेकॉर्ड विकूनही आपली गाणी आपली नाहीत, हे त्याला सलत होतं. म्हणून ‘होम’चं मास्टर त्यानं स्वतःकडे ठेवलं. सीडी दुकानांत पोचवायला वितरक लागले, ते लागणारच. पण मालकी हलली नाही. हे २००३ मध्ये, मार्च महिन्यात. रेडिओहेड या बँडनं कंपनीशिवाय अल्बम थेट श्रोत्यांना दिला तो २००७ मध्ये, आणि त्याचं आजही क्रांती म्हणून कौतुक होतं. दोन्ही गोष्टी अगदी सारख्या नाहीत, मान्य. पण एकाला धाडस म्हणायचं आणि त्याआधी चार वर्षं केलेल्याला नाइलाज, हा कुठला न्याय?

खरा वाद मात्र उसन्या गाण्यांचा. हा तुकडा लोकांच्या जिभेवर सर्वांत घट्ट बसलाय, आणि वरवर पाहिलं तर त्यात तथ्यही दिसतं. ‘होम’मध्ये स्टायलिस्टिक्सचं ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’ आहे, बॉब डिलनचं ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’ आहे, जमैकाचा रेगे गायक डेनिस ब्राउनचं ‘मनी इन माय पॉकेट’ आहे. शिवाय ‘सनराइझ’ हे गाणं हॉल अँड ओट्स या अमेरिकन जोडीच्या ‘आय कान्ट गो फॉर दॅट’च्या ठेक्यावर आणि बेसलाइनवर बांधलेलं. अल्बमची टॉप टेनमध्ये गेलेली दोन गाणी यातलीच, ‘सनराइझ’ आणि ‘ब्रँड न्यू’. पूर्णपणे हकनलची असलेली ‘फेक’ आणि शीर्षकगीत ही सिंगल्स, म्हणजे अल्बममधून सुटी काढलेली गाणी, खूपच खाली राहिली. हे लपवण्यासारखं काही नाही.

पण कव्हर म्हणजे उतार, असा नियम लावायचा तर हा बँड पहिल्याच दिवशी उताराला लागला म्हणावं लागेल. १९८५ मधलं त्यांचं पहिलं सिंगल ‘मनीज टू टाइट’ मुळात व्हॅलेंटाइन ब्रदर्सचं. रेगनच्या अमेरिकेतल्या पैशाच्या चणचणीवरचं गाणं मँचेस्टरच्या या मुलांनी थॅचरच्या ब्रिटनमध्ये नेलं आणि ते तिथलंच वाटलं. अमेरिकेत त्यांची दोन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. १९८६ मधलं ‘होल्डिंग बॅक द इयर्स’ हकनलचं स्वतःचं, त्यानं किशोरवयात लिहिलेलं. दुसरं, १९८९ मधलं ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाउ’, हे हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं, लिहिणारे गँबल आणि हफ. त्या गाण्यावर आपल्याकडेही लोकांनी जीव टाकला, कॅसेटच्या कॅसेट भरून घेतल्या. तेव्हा कुणी ‘उसनं’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. सोल संगीतात दुसऱ्याचं गाणं घेऊन त्यात स्वतःला सिद्ध करणं हा रिवाजच आहे. ख्यालगायकाला आपण ‘बंदिश तुमची नाही’ म्हणून कमी लेखतो का? त्यानं ती कशी मांडली, एवढंच पाहतो.

मग ‘होम’मध्ये कशी मांडली, ते ऐकू या. ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’ हे थॉम बेल आणि लिंडा क्रीड या जोडीचं फिलाडेल्फियातलं गाणं, १९७४ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं. मूळ रेकॉर्डमध्ये दोन गायक आहेत. एअरियन लव्ह खालच्या, भारदस्त आवाजात सुरुवात करतो आणि पुढे रसेल थॉम्पकिन्स ज्युनियर आपल्या त्या काचेसारख्या फॉल्सेटोत, म्हणजे पातळ केलेल्या वरच्या आवाजात, गाणं वर उचलतो. सगळी जादू या दोन आवाजांच्या अदलाबदलीत आहे. हकनल हे दोन्ही एकटा गातो. ज्यांनी हे गाणं आंघोळीच्या वेळीसुद्धा म्हणून पाहिलंय त्यांना ठाऊक असेल की खालची बाजू जमली तर वरची निसटते आणि वरची धरावी तर खाली आवाज पोकळ होतो. बेचाळिशीतला गायक हे अंतर एका गळ्यात सामावून घेतो, ओढाताण न दाखवता. मूळ रेकॉर्डपेक्षा हे सरस आहे असा माझा दावा नाही. पण केवळ सोपं हिट हवं असलेला माणूस हे गाणं निवडत नाही.

‘सनराइझ’चं तर आणखी वेगळं. डॅरिल हॉलनं सांगितलेली हकीकत अशी की न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत दिवसभराचं काम उरकल्यावर त्यानं रोलँडच्या एका साध्या ड्रम मशीनवर तयार ठेका लावला आणि कॉर्गच्या ऑर्गनवर बेस धरला. त्यातून १९८१ मधलं ते गाणं उभं राहिलं. पुढे ते अमेरिकेच्या पॉप चार्टवर पहिलं आलं आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या सोल चार्टवरही पहिलं; गोऱ्या जोडगोळीसाठी ही दुर्मीळ गोष्ट. १९८९ मध्ये डे ला सोलनं तेच हिपहॉपमध्ये घेतलं, ‘से नो गो’मध्ये. डे ला सोलनं वापरलं की सर्जनशीलता, आणि हकनलनं वापरलं की उधारी? हा ठेका दोन दशकं हातोहात फिरत आलाय, आणि ‘सनराइझ’ त्या फिरण्यातली एक रीतसर पायरी आहे: हॉल, ओट्स आणि सेरा ॲलन यांची नावं गीतकारांत आहेत. वरची चाल मात्र नवी. मूळ गाण्यात हॉल बेसच्या मधल्या फटींत छोटी छोटी वाक्यं टाकतो, जणू अडून बसलाय. हकनल त्याच बेसवरून लांब, पसरत जाणारे सूर सोडतो. खाली तोच हट्टी ठेका, वर मोकळी हवा. एकदा दोन्ही गाणी पाठोपाठ लावून ऐका, फरक आपोआप कळेल.

आणि एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. जॉन ओट्सनं सांगितलंय की ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ वरवर प्रेमगीत वाटलं तरी ते संगीतव्यवसायाला दिलेला नकार आहे, कंपन्या आणि व्यवस्थापक सांगतील ते सगळं आम्ही करणार नाही अशा अर्थाचा. मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या बँडनं स्वतःच्या लेबलच्या पहिल्या अल्बममधून पहिलं सिंगल काढलं ते याच पायावर. मुद्दाम असो वा योगायोग, मला ते फार नेमकं वाटतं.

डेनिस ब्राउनबद्दलही थोडं. १९९३ मध्ये मँचेस्टरमध्ये ब्लड अँड फायर नावाचं लेबल सुरू झालं, आणि त्याच्या संस्थापकांत हकनल होता. सत्तरच्या दशकातलं जमैकाचं रूट्स आणि डब या रेगे प्रकारांचं संगीत नीट स्वच्छ करून, परवाने घेऊन, मूळ कलाकारांना पैसे देऊन पुन्हा प्रसिद्ध करणं हे त्या लेबलचं काम. रेगेच्या दर्दी मंडळींत त्याचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. अशा माणसानं ‘मनी इन माय पॉकेट’ गायलं तर ती हौस म्हणून उचललेली चाल नव्हती. त्या संगीताच्या पाठीशी तो तोवर दहा वर्षं उभा होता.

डिलनचं गाणं मात्र फसलंय. ‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’चा प्राण त्याच्या विषारीपणात आहे, आणि हकनलच्या रेशमी आवाजात ते विष उतरतच नाही. अल्बमचा उत्तरार्धही पूर्वार्धाइतका बांधीव नाही. टीका करायला इथे जागा आहे, पण दाव्याला चिकटलेली मंडळी या मुद्द्यापर्यंत येतच नाहीत.

अमेरिकेचं थोडक्यात. ‘होम’ तिथे गाजला नाही हे खरं. पण अमेरिका दुरावली ती ‘स्टार्स’च्याच वेळी: ब्रिटनमध्ये दोन वर्षं राज्य केलेल्या त्या अल्बममधलं एकही गाणं अमेरिकेच्या पहिल्या वीसमध्ये पोचलं नाही. अमेरिकेचा निकष ‘होम’ला लावायचा तर तो ‘स्टार्स’लाही लावा, मग शिखर कुठलं ते पुन्हा ठरवावं लागेल.

राहता राहिली सवय. जुने चाहते डोळे झाकून विकत घेतात, असं म्हणणाऱ्यांनी १९९९ चा ‘लव्ह अँड द रशियन विंटर’ आठवून पाहावा. बँड तोच, आवाज तोच, चाहते तेच, पाठीशी मोठी कंपनी. शिवाय आघाडीचं सिंगल होतं ‘एन्ट दॅट अ लॉट ऑफ लव्ह’, म्हणजे पुन्हा जुनं सोल कव्हरच. ते ब्रिटनमध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यानंतरचं सव्विसाव्यापर्यंत, आणि अल्बम सहाव्यावर येऊन लवकरच विस्मरणात गेला. सवयीनं विकलं जात असतं तर तेव्हाही विकलं गेलं असतं. कव्हरनं तरून जाता येत असतं तर तेव्हाही गेले असते. चार वर्षांनी, स्वतःच्या छोट्या लेबलवर, ‘होम’ दुसऱ्या क्रमांकावर पोचला; ‘सनराइझ’ सातव्यावर गेलं, बँडचं पाच वर्षांतलं पहिलं टॉप टेन गाणं. शिवाय सवयीचा ग्राहक पहिल्या आठवड्यात खरेदी करून मोकळा होतो. इथे ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’ सिंगल म्हणून आलं ते वर्षअखेरीस, अल्बम घरोघरी पोचून नऊ महिने उलटल्यावर, आणि तेही सातव्यावर गेलं. ज्यांच्याकडे अल्बम होता त्यांना ते सिंगल पुन्हा घेण्याचं कारणच नव्हतं. ते नव्या कानांनी घेतलं.

आणि त्यानंतरही हकनल कव्हरच्या आधारावर बसून राहिला नाही. २०१० मध्ये निरोपाचा दौरा करून त्यानं बँड थांबवला, २०१५ मध्ये पुन्हा सुरू केला तो ‘बिग लव्ह’ घेऊन, आणि त्यातली सगळी गाणी त्याची स्वतःची होती.