फूल सुकले म्हणून ब्रोमेलियाड टाकून देऊ नका

घरात ठेवण्याच्या झाडांविषयीचा एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्यात ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातील शोभेच्या झाडांबद्दल पाच गोष्टी छातीठोकपणे सांगितलेल्या असतात. हे झाड रात्रीही ऑक्सिजन सोडते आणि हवा शुद्ध करते, म्हणून ते झोपण्याच्या खोलीत ठेवावे. त्याला उजेडाची गरज नसते. पानांच्या मधला कप आणि कुंडी नेहमी पाण्याने भरलेली ठेवावी. फूल हवे असेल तेव्हा शेजारी सफरचंद ठेवावे. आणि एकदा फूल येऊन गेले की झाड मरतेच, तेव्हा ते टाकून नवे आणावे. यातील प्रत्येक विधानाला कुठेतरी खऱ्या गोष्टीचा आधार आहे आणि म्हणूनच ती सहज पटतात. माझा सर्वांत मोठा आक्षेप शेवटच्या विधानाला आहे, कारण त्यामुळे बुंध्याशी नवे फुटवे धरलेली जिवंत झाडे कचऱ्यात जातात. मात्र आधीच्या चार विधानांमुळेही झाडाचे नुकसान होते किंवा माणसाची दिशाभूल होते, म्हणून त्यांचाही विचार क्रमाने करायला हवा.

रात्रीच्या ऑक्सिजनची कल्पना एका खऱ्या शोधाच्या अर्धवट आकलनातून आलेली आहे. अनेक ब्रोमेलियाड कॅम नावाच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. कोरड्या हवेत दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडी ठेवली तर पाणी उडून जाते, म्हणून ही झाडे रंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवतात. सकाळी रंध्रे मिटतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि उजेडाच्या साहाय्याने त्यापासून साखर तयार होते. पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात आणि दुपारनंतर त्यांचा आंबटपणा ओसरतो, हे निरीक्षण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले होते व ते 1815 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे कारण हेच साठवलेले आम्ल आहे. आता मुद्दा असा की ऑक्सिजन पाण्याच्या रेणूच्या विघटनातून निर्माण होतो आणि ते विघटन केवळ उजेडात होते. कॅम झाड रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते ही गोष्ट खरी आहे, पण अंधारात ते ऑक्सिजन तयार करू शकत नाही. शिवाय घरोघरी सर्वाधिक दिसणारे गुझमेनिया लिंग्युलाटा हे ब्रोमेलियाड कॅम पद्धतीचे नाहीच. बहुतेक इतर झाडांप्रमाणे ते कार्बन डायऑक्साइड दिवसाच घेते.

हवा शुद्ध होण्याच्या दाव्यामागे काही प्रत्यक्ष प्रयोग आहेत. 2016 मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या ओस्वेगो येथील वदूद निरी यांनी मांडलेल्या प्रयोगात, तपासलेल्या आठ बाष्पनशील सेंद्रिय संयुगांपैकी (म्हणजे सहज हवेत उडणाऱ्या रसायनांपैकी) सहा संयुगांचे 80 टक्क्यांहून अधिक प्रमाण ब्रोमेलियाडने बारा तासांत शोषून घेतले होते. हा निष्कर्ष उत्साहाने पसरला, पण तो प्रयोग 76 लिटरच्या बंद पात्रात झाला होता हा तपशील वाटेत गळून गेला. खोली हे बंद पात्र नव्हे. दारे, खिडक्या आणि फटी यांतून तिची हवा सतत बदलत असते. 2019 मध्ये कमिंग्ज आणि वेअरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील असे निघाले. तेव्हा झोपण्याच्या खोलीत ब्रोमेलियाड जरूर ठेवावे, पण ते सुंदर आहे म्हणून. त्याच्या भरवशावर खिडकी बंद करू नये.

उजेडाविषयीचे विधान थोडक्यात निकाली काढता येते. गुझमेनिया आणि व्रिसिया हे ब्रोमेलियाडचे प्रकार मंद उजेडात काही महिने तग धरतात, पण तग धरणे म्हणजे वाढणे नव्हे. निओरेगेलिया या दुसऱ्या प्रकाराचा लाल किंवा जांभळा रंग भरपूर उजेडातच टिकतो. अंधाऱ्या कोपऱ्यात त्याची पाने हिरवी, लांबट आणि ढिली होतात. खिडकीजवळचा भरपूर, पण दुपारच्या कडक उन्हापासून आडोसा असलेला उजेड बहुतेकांना मानवतो.

पाण्याबद्दलची सूचना सर्वांत घातक आहे, कारण ती काळजीच्या रूपात येते. ब्रोमेलियाडच्या कुळात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतील एकच जात सोडली तर त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडांतील आहेत. त्यांतील पुष्कळशा जाती अपिवनस्पती आहेत, म्हणजे त्या दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात, मात्र त्या झाडांचे अन्न घेत नाहीत. अशा जातींची मुळे मुख्यतः फांदीला घट्ट धरून राहण्याचे काम करतात आणि पाणी व क्षार पानांवरच्या खवल्यांसारख्या सूक्ष्म केसांतून आत घेतले जातात. एकमिया फॅसिआटा या ब्रोमेलियाडच्या पानावरचे चंदेरी पट्टे नखाने हलकेच खरवडून पाहावेत: पांढरी भुकटी निघते आणि खालचा हिरवा भाग उघडा पडतो. ती भुकटी म्हणजे धूळ नसून पाणी शोषणारे केसच आहेत, आणि म्हणून ही पाने फडक्याने घासून चकचकीत करू नयेत.

मुळांची ही रचना लक्षात घेतली की कुंडी कायम ओली ठेवण्यातला धोका कळतो. हवा न मिळाल्यामुळे मुळे आणि बुंधा कुजतो, आणि रोप हलवले की ते बुंध्यापासून सुटून हातात येते. झाडाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट आणि परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज) यांचे भुसभुशीत मिश्रण, तळाला छिद्र असलेली लहान कुंडी आणि वरचा थर सुकल्यावरच पाणी, एवढे पथ्य पुरेसे आहे. कपाबद्दल सांगायचे तर गुझमेनिया, एकमिया, निओरेगेलिया आणि व्रिसिया यांच्या कपात पाणी हवेच, पण ते थोडे आणि ताजे हवे. रानात पाऊस तो कप वारंवार धुऊन काढतो. घरात ते काम आपल्याला करावे लागते. आठवड्यातून एकदा कुंडी आडवी करून जुने पाणी ओतून टाकावे आणि नवे पाणी पानांच्या बेचक्यांतूनही जोराने फिरवावे, कारण डासांच्या अळ्या मधल्या कपाइतक्याच बेचक्यांतही असतात. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम पाळला तर ते चक्र पूर्ण होत नाही. पाण्याला वास येऊ लागला आणि मधले पान ओढताच विनासायास निघून आले, तर गाभा कुजला आहे असे समजावे. पावसाचे पाणी सर्वांत चांगले; जड पाण्यातील क्षार पानांवर पांढरे डाग धरतात आणि तेच केस बुजवतात. तांबे या झाडांना विषारी असल्याने तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी आणि तांबेयुक्त बुरशीनाशके कटाक्षाने टाळावीत. टिलँडसिया आणि क्रिप्टँथस या ब्रोमेलियाडच्या प्रकारांना तर कपात पाणी भरण्याचा नियम लागूच होत नाही. बहुतेक टिलँडसिया अधूनमधून अर्धा तास पाण्यात बुडवून, उलट्या झटकून, चार तासांच्या आत पूर्ण सुकू द्याव्या लागतात.

सफरचंदाचा उपाय खरा आहे. एकोणिसाव्या शतकात अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवरील काचगृहांत धूर झाला आणि अननसाची झाडे एकदम फुलोऱ्यावर आली. धुरातील इथिलीन वायूमुळे तसे घडते हे पुढे 1930 च्या दशकात स्पष्ट झाले. अननस हा याच कुळातला, आणि पिकलेले सफरचंद हाच वायू सोडते. पण 'हवे तेव्हा' हे शब्द चुकीचे आहेत. झाड पूर्ण वाढलेले असावे लागते, कप रिकामा करावा लागतो, आणि झाड व सफरचंद पारदर्शक पिशवीत बंद करून आठ-दहा दिवस उन्हापासून दूर ठेवावे लागतात. त्यानंतरही फुलोरा दिसायला सहा ते चौदा आठवडे जातात. लहान रोपावर हा प्रयोग केला तर फुलोरा खुरटा येतो किंवा येतच नाही, आणि आला तर त्या रोपाची पानांची वाढ तिथेच थांबते. ती का थांबते, या प्रश्नाच्या उत्तरातच शेवटच्या विधानाचे खंडन आहे.

ब्रोमेलियाडचा फुलोरा बहुतेक जातींत शेंड्यातूनच निघतो. ज्या टोकातून नवी पाने यायची, तेच टोक फुलोऱ्यात बदलते, आणि म्हणून त्या पर्णगुच्छाला पुढे नवे पान येऊ शकत नाही. संदेशातील 'मरतेच' या शब्दामागचे सत्य एवढेच आहे. पण हे मरण अतिशय संथ असते. आपण ज्याला फूल म्हणतो त्या गुझमेनियाच्या लाल किंवा पिवळ्या चांदणीतील रंगीत भाग ही पाने आहेत, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत छदे. खरी फुले त्यांच्या आत असतात, लहान असतात आणि लवकर कोमेजतात. छदांचा रंग कित्येक महिने टिकतो, आणि तो गेल्यानंतरही मातृरोपाची हिरवी पाने वर्षभर किंवा अधिक काळ अन्न तयार करत राहतात. त्याच काळात बुंध्याशी, पानांच्या बगलेतील कळ्यांतून फुटवे येतात आणि मातृरोपाच्या अन्नावर वाढतात. केळीचा घड उतरल्यावर मुनवे बाग पुढे चालवतात, तसाच हा क्रम आहे. आयुष्यभराच्या वाढीनंतर एकदाच फुलून बहुधा संपूर्ण मरणारे ब्रोमेलियाडही आहे: पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतात वाढणारे पुया रायमोंडी. त्याला फुलायला अनेक दशके लागतात आणि फुलोऱ्यासकट ते दहा मीटरपर्यंत उंच जाते. दिवाणखान्यात मात्र ते कोणी ठेवत नाही.

म्हणून फुलोरा तपकिरी पडला की फक्त त्याचा दांडा शक्य तितका खालून कापावा, आणि मधला कप बहुतांशी रिकामा ठेवून झाड उजेडात राहू द्यावे. फुटवे दिसताच ते तोडण्याची घाई करू नये, कारण बोटभर फुटवा स्वतःच्या बळावर क्वचितच जगतो. तो मातृरोपाच्या निदान एक तृतीयांश, शक्यतो निम्म्या उंचीचा झाला आणि त्याचा स्वतःचा लहानसा कप तयार झाला, की धारदार, स्वच्छ सुरीने बुंध्यालगत कापून वेगळा करावा. त्याला मुळे नसली तरी काळजी नाही, कारण त्याची तहान पाने भागवतात. कापलेला भाग एक दिवस सुकू देऊन फुटवा उथळ लावावा आणि तो डोलू नये म्हणून काडीचा आधार द्यावा, कारण हलत्या रोपाची नवी मुळे तुटतात. वेगळे करण्याची हौस नसेल तर फुटवे तसेच राहू द्यावेत. मातृरोप पूर्ण सुकल्यावर त्याची पाने कापून काढली की त्याच कुंडीत झुपका तयार होतो. चांगल्या उजेडात हा फुटवा साधारण दोन ते तीन वर्षांत फुलतो, आणि तेव्हा त्याच्याही बुंध्याशी पुढचे फुटवे शोधावेत.